इंजिन बांधायचं की गाडी विकायची? कळंबोलीतला माझा अनुभव

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चाकण-भोसरीकडे कॉइल आणि सळई नेणाऱ्या दोन दहाचाकी गाड्या माझ्याकडे आहेत. त्यातली जुनी २०१३ ची, टाटा २५१८. सहा सिलिंडरचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन, मेकॅनिकल पंप. हिचे हप्ते कधीच फिटलेत, त्यामुळे भाडं येतं त्यातलं डिझेल, टोल, पगार गेला की बाकीचं घरात येतं. माझ्या मुलांची शिक्षणं या गाडीने केली. तिचं काय करायचं हे मला कुणाच्या अंदाजावर सोडायचं नव्हतं.

तक्रार ड्रायव्हर मामांनी आणली. ‘दादा, गाडी घाटात ओढत नाही. बोरघाटात जिथे चौथ्यावर चढायची तिथे आता तिसरा टाकावा लागतो. आणि ऑइल बघा जरा, खाल्लंय तिने.’ सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, भरलेली असताना ब्रीदरच्या नळीतून, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून, सतत वाफ. माझी बायको दोन्ही गाड्यांची डायरी ठेवते. तिने पानं चाळून सांगितलं की लिटरला चार किलोमीटरच्या आसपास असणारी ॲव्हरेज घसरत चालली आहे. आधी नोझल आणि पंप तपासून घेतले, तरी ३.४ च्या वर जाईना.

मग सल्ले सुरू झाले. एका गॅरेजवाल्याने ब्रीदरवर हात धरला आणि म्हणाला, ‘शेठ, गॅस मारतंय, फुल इंजिन करा,’ म्हणजे सगळं खोलून नव्याने बांधा. दुसऱ्याचं म्हणणं, रिंगा आणि हेडचं काम, म्हणजे हाफ इंजिन पुरे. एका दलालाने आहे त्या स्थितीत साडेपाच लाख सांगितले आणि नवीन गाडी बघायला सुचवलं. तिघांपैकी एकानेही काही मोजलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की दोन लाखांच्या खर्चाआधी मोजमाप झालं पाहिजे, आणि इंजिन झिजलं असेल तर का झिजलं हे कळलं पाहिजे.

तळोज्यात आमचे एक जुने मिस्त्री आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट करून दाखवली. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की तो हवा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, ढकलतो, आणि ब्रीदरवर हात धरणाऱ्याला वाटतं की इंजिनचे पिस्टन गेले. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलं तरी तसंच दिसतं. मिस्त्रींनी ब्रेक दाबून टाकीतली हवा खाली केली, इंजिन चालू ठेवलं, आणि ब्रीदरच्या नळीला पाणी भरलेली पारदर्शक यू नळी जोडली. टाकी भरत असताना पाण्याची पातळी किती हलते आणि टाकी भरून व्हॉल्व फुस्स करून कट झाल्यावर किती हलते, एवढंच बघायचं. कॉम्प्रेसरचा दोष असता तर कट होताच पाणी खाली बसलं असतं. आमच्याकडे ते जागचं हललं नाही. म्हणजे कॉम्प्रेसर सुटला, संशय सिलिंडरवर आला. या तपासणीला खर्च काहीच नाही, तरी मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती कधी केली होती.

पुढे ऑइलचा नमुना. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढून पहिली धार सोडून दिली आणि मधल्या धारेचं ऑइल बाटलीत घेतलं. महापे भागातल्या एका प्रयोगशाळेत दिलं. अहवालात लोखंड चढलेलं होतं आणि सिलिकॉनही. शिसं आणि तांबं मर्यादेत, म्हणजे बेअरिंग बहुतेक ठीक. सोडियम नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत नव्हता. सिलिकॉन म्हणजे इथे धूळ. सीलंटमधूनही तो येतो, पण तेव्हा सोबत लोखंड असं वाढत नाही. इंजिनला वय झालं म्हणून ते झिजलं नव्हतं, ते धूळ खात होतं.

धुळीची वाट शोधायला वेळ लागला. फिल्टर चांगला, त्याची रबरी कडाही नीट बसलेली. शेवटी मिस्त्रींनी फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप काढून हातात वाकवला. क्लॅम्पच्या खाली, बरोबर पट्टीच्या आड, नखाएवढी चीर होती. पाइप सरळ असताना ती मिटलेली, इंजिनने हवा ओढली की उघडायची. टर्बोच्या पुढच्या चाकाच्या पाकळ्यांवर बोट फिरवलं तर कडा बोथट आणि पातळ झालेल्या. उरण रस्त्याची आणि बाजारातल्या अंतर्गत रस्त्यांची धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ही चीर तशीच ठेवून नवे पिस्टन टाकले असते तर तेही त्याच वाटेने गेले असते.

हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या भागात, रिंग जिथून परत फिरते तिथे, नख अडकत होतं. तुर्भ्याच्या मशीन शॉपमधून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायचा गेज आणवला. या इंजिनचा मूळ बोअर १०२ मिमी असतो आणि १०२.११६ च्या पुढे गेला की तो बाद. आमचे दोन सिलिंडर त्या रेषेच्या पलीकडे होते, बाकीचे काठावर. हाफ इंजिनचा पर्याय तिथेच संपला. नव्या रिंगा वाढलेल्या बोअरमध्ये काही महिने चालतात आणि पुन्हा ऑइल खायला लागतात.

इथे या इंजिनची बांधणी लक्षात घ्यावी लागते. पुष्कळ जड इंजिनांत लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली वेगळी नळी, असतो, तो काढून नवा ठोकला की काम चेसिसवरच होतं. कमिन्सच्या या ५.९ मध्ये मूळचा लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या लोखंडात चालतो. बोअर वाढला की इंजिन खाली उतरवून ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागतो आणि ०.५० किंवा १ मिमी मोठे पिस्टन घालावे लागतात. त्याच्या पुढे बोअर गेला तर ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे वेगळी नळी, ठोकावी लागते. आमचा ब्लॉक याआधी कधी बोअर झालेला नव्हता, ही मोठी जमेची बाजू होती.

तिसरा पर्याय होता एक्सचेंजचा. टाटांकडून प्रोलाइफ या योजनेत रिकंडिशन इंजिन मिळतं, आपलं जुनं द्यायचं. गाडी कमी दिवस उभी राहते आणि वॉरंटी मिळते, दोन्ही खरे फायदे. मात्र खर्च बांधणीच्या जवळजवळ दुप्पट जात होता. शिवाय ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते, नाहीतर फिटनेसला आणि विम्याच्या दाव्याला गाडी अडकते. जुनाच ब्लॉक बोअर केला तर नंबर तोच राहतो. ज्याचा ब्लॉक तडकलाय त्याने मात्र एक्सचेंजच बघावं.

मग मी आणि बायको हिशेबाला बसलो. महिन्याला साधारण ५,००० किलोमीटर. ४ च्या ॲव्हरेजने १,२५० लिटर डिझेल, ३.४ ने १,४७०. फरक २२० लिटर, ९० रुपये दराने जवळपास २०,००० रुपये. वरून टाकावं लागणारं ऑइल तीन-साडेतीन हजारांचं. बांधणीचा अंदाज दोन लाखांचा होता, तो वर्षाच्या आत निघत होता. नवीन गाडी बॉडीसकट पस्तीस लाखांच्या घरात, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला हे धरूनही पाच वर्षांचा हप्ता साठ-पासष्ट हजारांचा बसत होता. लोखंडाचं भाडं पावसाळ्यात पडतं, हप्ता पडत नाही.

पण इंजिन चांगलं करून बाकी गाडी कुजकी असेल तर उपयोग काय? म्हणून चेसिसचे क्रॉस मेंबर, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचा आवाज, केबिनचा गंज हे सगळं त्याच आठवड्यात बघून घेतलं. चेसिस सरळ, तडा नाही. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते असा एक समज आहे. महाराष्ट्रात खासगी ट्रक फिटनेस पास होतोय तोवर चालतो, फक्त वय वाढलं की फी आणि पर्यावरण कर यांचा भार वाढतो. दिल्लीचं वेगळं, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. माझी गाडी त्या बाजूला जात नाही. ठरलं, इंजिन बांधायचं.

बांधताना एकाच बाबतीत वाद झाला. ‘खोललंच आहे तर क्रँकलाही एक साइज मारून घेऊ,’ असं मशीन शॉपवाला म्हणत होता, म्हणजे क्रँक घासून एक माप बारीक करायचा. मी मापं मागितली. क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मेन जर्नल ८३ मिमी आणि कनेक्टिंग रॉडकडचा बिगएन्ड ६९, दोन्ही मूळ मापात. क्रँकचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, गरज नसताना ग्राइंडिंग करणं म्हणजे पुढची एक साइज फुकट घालवणं. तडा तपासून घेतला, फक्त पॉलिश केलं आणि स्टँडर्ड बेअरिंग टाकले. ऑइल कूलर मात्र नवा घातला आणि टर्बोची कोअर बदलली.

होनिंग, म्हणजे बोअर केलेल्या सिलिंडरला दगडाने बारीक रेघा मारणं, झाल्यावर ब्लॉक आला तेव्हा मिस्त्रींनी तो डिझेलने धुऊ दिला नाही. होनिंगच्या दगडाची बारीक कच डिझेलने निघत नाही, रेघांत बसून राहते. त्यांनी गरम पाणी, साबण आणि ब्रश घेतला. प्रत्येक सिलिंडर घासायचा, पुसायचा, पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून आत फिरवायचं. फडक्यावर राखाडी छटा दिसली की पुन्हा साबण. फडकं पांढरं निघेपर्यंत त्यांनी एकही पिस्टन हातात घेतला नाही. ज्या गाडीचं इंजिन धुळीने गेलं तिच्यासाठी कुणी एवढी काळजी घेतोय हे बघून मला फार बरं वाटलं.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्ववरची, फट थंड इंजिनवर लावली, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. पहिल्यांदा सुरू केल्यावर तासन्‌तास आयडलला ठेवायचं नाही, रिंगा बसायला भार लागतो. पहिल्या फेऱ्या अर्ध्या मालाने केल्या, ऑइल लवकर बदललं, मग भरलेली गाडी घाटात घातली. मामांचा खंडाळ्याहून फोन आला, चौथ्यावर चढली.

आता ॲव्हरेज ३.९ आहे. बदललेल्या ऑइलचा नमुना पुन्हा तपासला. नवं इंजिन बसताना थोडं लोखंड येणारच, सिलिकॉन मात्र खाली आलाय. ०.५० ची साइज ब्लॉकवर पंच करून घेतली आहे, पुढे जो कुणी उघडेल त्याला शोधावं लागू नये म्हणून. दुसऱ्या गाडीचा हवेचा पाइप त्याच दिवशी काढून वाकवून बघितला, आणि तिच्या ऑइलचा नमुनाही महाप्याला दिला आहे.