तुम्ही विचारलंत म्हणून : मॉनिटर कोणता घेऊ?

घरी व्हिडिओ एडिटिंग सुरू करणारा प्रत्येक जण मला हे विचारतो, आणि त्याला उत्तरात एक मॉडेल नंबर हवा असतो. मी तो देत नाही. मग मी भाव खाते असं ठरतं. माझं टेबल पाहिलेले लोक तर वर ऐकवतात, "स्वतः भारीतला वाइड गॅमट मॉनिटर घेऊन बसलीयस आणि आम्हाला साधा घे म्हणतेस!" भाव खाते हे खोटं. दुसरं खरं आहे, नेहमीच्या पडद्यापेक्षा जास्त रंग दाखवणारा, म्हणजे वाइड गॅमट, मॉनिटर माझ्याकडे आहे. पण ते दोन मिनिटांच्या फोनवर समजावता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आयपीएस, व्हीए आणि ओलेड या पडद्यांच्या प्रकारांमधला फरक तुम्हाला माहीत आहे. 27 इंची, 1440 पिक्सेल उंचीच्या पडद्यात इंचाला 109 पिक्सेल आणि त्याच आकाराच्या फोर-केमध्ये 163, हेही तुम्ही मलाच ऐकवून झालंय. मी घेतला तेव्हा मलाही सगळं पाठ होतं. मी भुलले ती एका आकड्याला: डीसीआय-पी3, म्हणजे डिजिटल सिनेमासाठी ठरवलेल्या रंगांच्या पट्ट्यातले 98 टक्के रंग. जुन्या मॉनिटरवर जे लाल-हिरवे उमटतच नव्हते ते यावर उमटणार होते. उमटलेही. पहिल्या संध्याकाळी जुनं फुटेज लावून मी तासभर नुसती बघत बसले होते. मेन्यूत 'एसआरजीबी' नावाचा, साध्या पडद्यांच्या नेहमीच्या रंगांपुरता, एक मोड होता. तो लावला तर चित्र धुऊन काढल्यासारखं फिकं, वर ब्राइटनेसही बदलू देईना. यासाठी का एवढे पैसे घातले, असं म्हणून तो बंद केला आणि विसरून गेले.

त्याच सुमारास एका चित्रकारावरची फिल्म माझ्याकडे होती. 22 मिनिटांची, निम्मं शूटिंगही मीच केलेलं. मी त्यांना सर म्हणते, इथेही तेवढंच म्हणेन. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी घेतलेला एक मोठा कॅनव्हास हा त्या फिल्मचा जीव होता. जवळजवळ सगळा लाल. पण लालावर लाल, थरावर थर. एका कोपऱ्यात शेंदरी, खाली उतरता उतरता सुकलेल्या रक्तासारखा काळपट. त्याच्यासमोर मी चार दिवस कॅमेरा घेऊन उभी होते. तो लाल मला तोंडपाठ झाला होता, असं मला वाटत होतं.

घरी टाइमलाइनवर तोच कॅनव्हास पेटलेला दिसला. थर कुठेच नाहीत, सगळा एकच जाळ. कॅमेऱ्याने घोळ घातला असं मी ठरवून टाकलं आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवलं. तरी भडक, म्हणून आणखी उतरवलं. लालाची छटा थोडी नारिंगीकडे वळवली. माणसांचे चेहरे तांबडे वाटत होते, तेही उतरवले. मॉनिटरचा ब्राइटनेस खोक्यातून आला तसाच होता, 350 निट्सच्या (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) घरात, त्यामुळे सगळंच जास्त उजळ वाटत होतं. म्हणून एक्स्पोजरही दाबलं. आठ रात्री गेल्या. आठव्या रात्री पडद्यावरचा लाल आणि माझ्या डोक्यातला लाल जुळले, आणि मी खुशीत फाइल एक्स्पोर्ट केली.

शेजारच्या चौकटीत वेक्टरस्कोप, म्हणजे फाइलमधले रंग ठिपक्यांनी दाखवणारा आलेख, चालूच होता. त्यातला ठिपक्यांचा पुंजका या आठ रात्रींत लालच्या खुणेकडून मध्याकडे सरकत आला होता. मध्य म्हणजे राखाडी. मला ते दिसलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. दिसलं होतं. पण समोर एवढा सुंदर लाल दिसत असताना त्या ठिपक्यांचं कोण ऐकतो?

मग स्क्रीनिंग. छोटा हॉल, प्रोजेक्टर, चाळीसेक माणसं. सर पहिल्या रांगेत, मी मागे उभी. चेहऱ्याचा पहिला क्लोजअप आला आणि माझ्या पोटात गोळा आला. सर आजारी दिसत होते. कातडीत रक्तच नाही. सावल्यांमध्ये काही दिसेना. मी प्रोजेक्टर चालवणाऱ्या मुलाकडे धावले आणि दबक्या आवाजात त्याच्यावर डाफरले. तो बिचारा एकेक सेटिंग बदलून बघत राहिला, आणि दर बदलाला चित्र आणखी बिघडत गेलं. तेवढ्यात कॅनव्हासचा प्रसंग आला. पूर्ण पडदाभर, 40 सेकंदांचा संथ पॅन, ज्याच्यासाठी मी सगळी फिल्म रचली होती. पडद्यावर मातकट वीट होती. भिंतीची वीट. तिच्यावरून कॅमेरा मोठ्या भक्तिभावाने फिरत होता.

फिल्म संपल्यावर टाळ्या झाल्या. सर माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान बांधलीयस गं. पण हा लाल माझा नाही."

"प्रोजेक्टर खराब आहे सर," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत.

रात्री तीच फाइल फोनवर लावली. वीट. सकाळी मैत्रिणीच्या अगदी साध्या लॅपटॉपवर लावली. वीट. तीन पडदे एका बाजूला आणि माझा एकटा दुसऱ्या बाजूला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ रेक. 709 या मानकाने ठरवलेला आहे. 1990 सालचं, हाय डेफिनिशन टीव्हीसाठीचं मानक. एसआरजीबीचे मूळ लाल, हिरवा, निळा तेच आहेत. या हिशेबात 'पूर्ण लाल' म्हणजे एक ठरावीक लाल. माझ्या पॅनेलला त्याच्याही पलीकडचा लाल दाखवता येत होता, आणि मधे दुभाषी कुणी नसल्याने पूर्ण लालाचा आकडा आला की ते आपला स्वतःचा, शेवटच्या टोकाचा लाल दाखवून मोकळं होत होतं. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या दुभाष्याचं काम कुणाला नेमून द्यावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. उजेडाचंही तेच. साधा, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा) नसलेला व्हिडिओ मंद उजेडाच्या खोलीत साधारण 100 निट्सवर ग्रेड करायची, म्हणजे त्याचे रंग-उजेड बसवायची, रीत आहे. मी साडेतीन पट उजेडात बसून चित्र अंधारं करत होते. डाग आरशावर होता आणि मी आठ रात्री चेहरा घासत बसले होते. आणि तो फिकट म्हणून नाकारलेला एसआरजीबी मोड? वेक्टरस्कोप सोडला तर त्या टेबलावर खरं बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती.

इथे तुम्ही म्हणाल की मग दोष वापरणारीचा, मॉनिटरचा काय? मान्य. पण मग मला 'कोणता घेऊ' का विचारता, 'कसा वापरू' का नाही? तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, पैसे उरत नसतील तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्या आणि कलरीमीटर घ्या. पडद्यावर टेकवून रंग मोजणारं ते छोटं यंत्र. ते बायकोला किंवा नवऱ्याला दाखवून मिरवता येत नाही, म्हणून कुणी घेत नाही.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं घाईत देते, कारण मला त्यांच्यात तेवढा रस नाही. 'डिस्प्ले एचडीआर 400' चा स्टिकर पाहून एचडीआर ग्रेडिंगचे बेत करू नका; एचडीआरचं काम बहुधा 1000 निट्स धरून होतं, आणि 400 ही त्या शिडीची खालची पायरी आहे. 10 बिट हवं का? दर रंगाला 256 ऐवजी 1024 पायऱ्या मिळतात, संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसत नाहीत, पण ग्राफिक्स कार्डपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळी साखळी 10 बिट हवी. ओलेडचा काळा रंग पाहून मीही हळहळते. पण टाइमलाइन आणि सॉफ्टवेअरच्या चौकटी रोज आठ तास एकाच जागी उभ्या असतात, त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा राहण्याची भीती मला वाटते. 144 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा पडदा, एडिटिंगला कशाला, असं मीच म्हणायचे. मग लक्षात आलं की 144 ला फिल्मच्या सेकंदाला 24 फ्रेमने नीट भाग जातो, आणि 60 ला 24 नेही जात नाही, 25 नेही नाही. 25 फ्रेमचा व्हिडिओ 60 हर्ट्झवर पाहिला की काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि संथ पॅन अडखळतो. तो अडखळा फाइलमध्ये नसतोच. त्यासाठी मी एकदा अख्खा दिवस स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारं चित्र स्थिर, करत घालवलाय. असो.

तर घेताना काय बघायचं? एसआरजीबी किंवा 709 चा मोड आहे का, तो मोजून खरा निघतो का, आणि त्यात ब्राइटनेस खाली आणू देतो का. माझ्या मते बाकी सगळं नंतर.

हे 'माझ्या मते' कुणाला पटत नाही, तर आठ रात्री जागलेल्या त्या मला. ती अजून भांडते. म्हणते, किती फोनवर आता पी3 चे पडदे आहेत, तू 1990 सालच्या डबक्यात किती दिवस बसणार? वाइड गॅमट घेऊन 709 मध्ये कोंडून ठेवता येतो, साध्याचा मात्र कधी वाइड होत नाही. तिचं हे म्हणणं बिनतोड आहे. मी तो मॉनिटर विकला नाही, तोच माझा मुख्य मॉनिटर आहे, हेही ती दाखवते. शेजारी मी एक साधा आणून ठेवला, कारण माझ्या फिल्म बघणारी बहुतेक माणसं तसल्याच पडद्यावर बघतात. पण तसल्याच म्हणजे कसल्या? दोन साधे पडदेही एकसारखे निघत नाहीत.

फिल्म मी पहिल्यापासून पुन्हा ग्रेड केली. मॉनिटर मोजून घेतला, 100 निट्सवर आणला, मागच्या भिंतीवर 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, मंद दिवा लावला, आणि या वेळी स्कोपचं ऐकलं. सरांना लिंक पाठवली. त्याच रात्री त्यांचा फोन आला. "आता बरोबर आहे. हा माझा."

मी विचारलं, "कशावर बघितलीत सर?"

"फोनवरच. अंथरुणात पडल्या पडल्या."

त्यांचा फोन मी पुढच्या भेटीत पाहिला. अंधार पडला की डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करायची सोय त्यात चालू होती. त्या पिवळ्या पडद्यावर पांढराही पांढरा दिसत नव्हता, आणि त्यांना त्यात आपला लाल सापडला होता. की आधी चिडल्यामुळे दुसऱ्यांदा बरा वाटला? की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले? समोर भिंतीला तो कॅनव्हास होता. शूटिंगला खिडकीच्या उजेडात पाहिलेला, तेव्हा ट्यूबलाइटखाली, आणि खरं सांगते, तो मला पूर्वी आठवत होता तसा दिसला नाही.

मी ती सोय बंद करायला सांगितली नाही. आणि प्रोजेक्टर खराब नव्हता, हेही त्यांना अजून सांगितलेलं नाही.