नवऱ्याचं माहेर

रविवारी दुपारी मी भेंडी पुसत बसले होते आणि नवरा लॅपटॉपवर बोटीचं तिकीट काढत होता. होलीहेड ते डब्लिन, गाडीसकट. गाडीची लांबी किती, उंची किती, टपावर काही बांधणार का, अशा चौकशा चालल्या होत्या. आमची गाडी, टपावर काय बांधणार, पालखी? तो म्हणाला, “होमला जायला सोळाची बोट मिळतेय. मग परत होम यायला...” आणि अडकला. एका वाक्यात दोन होम आली की त्याचं नेहमी असं होतं.

इंग्लंडात येऊन त्याला तेवीस वर्षं झाली. घर लीड्समध्ये, नोकरी लीड्समध्ये, दाताचा डॉक्टरही इथलाच. तरी ‘होम’ म्हणजे मायो, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी. इथले सगळेच आयरिश तसं बोलतात. पन्नास वर्षं इथं काढलेले म्हातारेसुद्धा. त्याच्या ‘होम’चं मराठी काय, असं त्यानं मला एकदा विचारलं होतं. मी बेसावध होते, पटकन म्हणून गेले, “माहेर.”

मग समजावून सांगणं आलं.

“म्हणजे बायकांनाच असतं?”

“हो.”

“मग पुरुष कुठं जातात?”

“सासुरवाडीला. तिथं त्यांना मान मिळतो.”

“आणि आराम?”

तो कुठला मिळायला. माझे बाबा वाईला, म्हणजे आईच्या माहेरी, आम्हाला पोचवायला यायचे तेव्हा हॉलमधल्या एकाच खुर्चीवर बसून असायचे. इस्त्रीची पँट, हातात सकाळी पुण्यातच वाचून झालेला पेपर. पोहे आले की अर्धे ठेवायचे. जावयानं बशी चाटूनपुसून संपवायची नसते. संध्याकाळच्या एसटीनं परत. आई मात्र खंबाटकीचा घाट चढतानाच बदलायला लागायची. घाट ओलांडला की तिचे हेल बदलत, आवाज एक पट्टी चढे, आणि कंडक्टरशीसुद्धा ती जुनी ओळख असल्यासारखी बोले.

नवऱ्याचा खंबाटकी घाट म्हणजे शॅनन नदी. डब्लिन बंदरातून बाहेर पडून पश्चिमेला लागलं की सुरुवातीला मोटारवे, दोन्हीकडं हिरवं आणि कंटाळवाणं. लाँगफर्ड मागं पडलं की टर्मनबॅरीला शॅननवरचा पूल येतो. पूल ओलांडला की त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळतं. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतं. हा नमस्कार. ओळख असो नसो, तो करायचाच. लीड्समध्ये शेजाऱ्याला हात करताना दहादा विचार करणारा माणूस इथं ट्रॅक्टरलाही बोट दाखवतो.

वाटेत स्ट्रोक्सटाउन लागतं. गावाच्या मानानं फारच रुंद रस्ता, आणि टोकाला जमीनदाराचा वाडा. तिथं आता दुष्काळाचं संग्रहालय आहे. पहिल्या खेपेला आम्ही आत गेलो होतो, नंतर कधी नाही. मायोत १८४१ साली ३ लाख ८८ हजारांवर माणसं होती. २०२२ च्या जनगणनेत १ लाख ३८ हजारही भरली नाहीत. बटाट्यावरच्या रोगानं आणि उपासमारीनं माणसं मेली, उरलेल्यांतली बोटीत बसली. पुढं दुष्काळ संपला तरी बोटीत बसायची सवय काही संपली नाही. जमीन एका पोराला, बाकीच्यांनी इंग्लंड नाहीतर अमेरिका गाठायची. तिथून घरी पैसे धाडायचे. आमच्या साताऱ्याकडच्यांना हे समजावून सांगायला नको. तिकडची अर्धी गावं मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगली. मायोचा आहे असं कुणी सांगितलं की पुढं ‘गॉड हेल्प अस’ जोडायची तिथं पद्धत आहे. नवरा दोन्ही एका दमात म्हणतो, आडनाव असल्यासारखं.

तर, नवऱ्याचं माहेर. कॅसलबारच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. बसकं पांढरं घर, मागं गाईंचा गोठा आणि टर्फची शेड. टर्फ म्हणजे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवलेली. चुलीत घातली की जो वास येतो तो गोवरीच्या धुराचा चुलतभाऊ. पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या मला वाईच्या मागच्या अंगणाची आठवण झाली. नवऱ्याला वाटलं थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय.

त्या पहिल्या खेपेला सासूबाईंनी मला ‘गुड रूम’मध्ये बसवलं. ही खोली प्रत्येक घरात असते आणि वापरात कधीच नसते. सोफ्यावर कुणी बसल्याची खूण नाही, काचेच्या कपाटात सोनेरी काठाच्या कपबशा, भिंतीवर लग्नांचे फोटो. तिथं मी एकटी, मांडीवर बशी, बशीत हॅम सँडविच. पलीकडं स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज. तो दारातून आला तो थेट आतच गेला होता. वाकून, कुणाला न विचारता कपाट उघडून त्यानं स्वतःचा मग काढला. कान तुटलेला, निळा. मी दाराच्या फटीतून पाहत होते. (कपाटाला तिथं ‘प्रेस’ म्हणतात. ‘कप प्रेसमध्ये आहेत’ असं ऐकून मी पुढं एकदा इस्त्रीच्या टेबलापर्यंत जाऊन आले.)

स्वयंपाकघरात शिरायला मला चार खेपा लागल्या. चौथ्या खेपेला सासूबाईंनी माझ्या हातात बटाटे सोलायची सुरी दिली आणि काही न बोलता वळल्या. मी मनात म्हटलं, झालं, आलो घरात.

त्यानंतरची वर्षं छान गेली. सकाळी रेडिओ लागायचा आणि सगळे गप्प. मिडवेस्ट रेडिओवर गावोगावचे मृत्यू वाचून दाखवतात. कोण गेलं, अंत्यदर्शन कुठं, चर्चमधली मास किती वाजता. सासूबाई चहाचा कप हवेत धरून ऐकायच्या. माझी आजी पेपरातलं निधनाचं पान आधी वाचायची, मग पहिलं. त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. भिंतीवर येशूची तसबीर, खाली लाल दिवा, अगदी आमच्या देवघरातल्या झीरोच्या बल्बसारखा चोवीस तास चालू. बटाटा उकडून फुटला की ‘पीठ झालंय’ म्हणून त्या खूश व्हायच्या. आपण नाही का म्हणत, भात कसा मोकळा झालाय.

आणि फुटबॉल, म्हणजे आयरिश लोकांचा गेलिक फुटबॉल. मायोनं ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधली स्पर्धा, शेवटची जिंकली १९५१ मध्ये. कप घेऊन परतताना संघाची गाडी फॉक्सफर्डला एका अंत्ययात्रेला न थांबता पुढं गेली म्हणून शाप लागला, त्या संघातला शेवटचा माणूस जाईपर्यंत जिंकणार नाही, अशी गोष्ट आहे. १९८९ पासून ११ फायनल हरले. २०२१ मध्ये त्या संघातला शेवटचा खेळाडूही गेला. अजून जिंकलेले नाहीत. सासूबाईंचं म्हणणं असं की शापबिप सगळं खोटं, पण थांबायला हवं होतं.

२०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा तिथल्या गल्लीतल्या शेजाऱ्यानं माझं अभिनंदन केलं होतं. त्यांच्या आधीचे एन्डा केनी खुद्द कॅसलबारचे. “आमच्या माणसाची खुर्ची घेतलीत तुम्ही,” असं म्हणून त्यानं मला मार्टमध्ये, म्हणजे गुरांच्या बाजारात, चारचौघांत गाठलं. वराडकरांच्या वडिलांचं वराड मालवण तालुक्यात, आम्ही पुण्या-वाईचे, दोन्हींमध्ये आख्खा सह्याद्री आहे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी आभार मानले.

निघताना गाडीत भरली जायची यादी ठरलेली. बॅरीज चहाचे दोन मोठे खोके, टी-टॉवेलमध्ये गुंडाळलेला ब्राउन ब्रेड, चीज-ओनियन टेटो वेफर्स, नॉकच्या तीर्थाची छोटी बाटली. लीड्सच्या दुकानात चहा मिळतो हो. पण वाईची आजी पुण्यात मिळणारे शेंगदाणे भरून द्यायचीच ना. मग दारात अर्धा तास. गाडी सुरू, काच खाली, सासूबाई खिडकीला धरून अजून कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगताहेत. शेवटी म्हणायच्या, “सेफ होम.” तिथं निरोप घ्यायची हीच पद्धत. म्हणजे मुलगा ज्याला होम म्हणत नाही त्याला आई होम म्हणायची.

२०२४ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. नाव रेडिओवर वाचलं गेलं. आम्ही स्वयंपाकघरातच होतो, सगळे गप्प.

त्या डिसेंबरात ख्रिसमसला जायचं तिकीट काढलं होतं. डॅरा वादळात होलीहेडच्या धक्क्याचं नुकसान झालं आणि बंदर जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. हजारो आयरिश लोकांची तारांबळ उडाली. कुणी लिव्हरपूलहून गेलं, कुणी फिशगार्डहून, कुणी तिप्पट पैसे मोजून विमानानं. नवऱ्यानं दुसरी कुठलीच बोट पाहिली नाही. दिरांना फोन केला, “काय करणार, वादळ.” फोन ठेवताना बाय बाय बाय बाय बाय, नेहमीपेक्षा जरा जास्त.

गेल्या उन्हाळ्यात गेलो. आता तिथं दीर आणि जाऊबाई. माझी जाऊ, त्याची वहिनी. फार चांगली बाई आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून गैरसमज होईल. शाळेत नोकरी करते, गोठ्यातही राबते, शेवटच्या दोन वर्षांत सासूबाईंचं सगळं तिनंच केलं. स्वयंपाकघर नवीन केलंय. जुनी चूल काढलेली नाही, पण कपाटं सगळी बदलली. छान, करड्या रंगाची, मूठ नसलेली. दाबली की उघडतात.

नवरा दारातून थेट आत गेला. सवयीनं वाकला. तिथं कपाट नव्हतं, डिशवॉशर होता. मग वर एक दाबून पाहिलं, त्यात औषधं. दुसऱ्यात धान्याचे डबे. मग तो सरळ उभा राहिला, हात पँटला पुसले आणि विचारलं, “कप कुठं असतात?”

“अरे, तू बस,” जाऊबाई म्हणाली. “मी आणते. तुम्ही दोघं गुड रूममध्ये बसा, तिथं हीटर लावून ठेवलाय तुमच्यासाठी.”

बसलो. तीच खोली, तोच सोफा. सोनेरी काठाच्या कपबशा काढल्या होत्या. नवरा बशी मांडीवर धरून बसला होता, गुडघे जुळवून, अगदी बाबांसारखा. सँडविच अर्धं ठेवलं.

आजी गेल्यानंतर पहिल्यांदा वाईला गेलो तेव्हा मी अकरावीत होते. आई माहेरी गेली की पहिलं काम एकच करायची. चप्पल काढायची, पिशवी तिथंच टाकायची, आणि तडक माजघरात जाऊन माठातलं पाणी स्वतः घ्यायची. उभ्यानं, दोन तांबे. मग श्वास सोडायची आणि म्हणायची, “हं.” त्या दिवशीही ती तशीच आत गेली. माठाच्या जागी फिल्टर होता. त्याची तोटी कुणीकडं फिरवायची ते तिला कळेना. मामी घाईघाईनं आली, म्हणाली, “वन्सं, बसा ना तुम्ही, मी देते.” आई हॉलमध्ये येऊन बसली. मामीनं स्टीलच्या ट्रेमध्ये तीन पेले पाणी आणलं. आईनं एक पेला उचलला, बोटं तशीच त्याच्याभोवती ठेवून खूप वेळ बसली. मामीही चांगलीच होती. आहे. तिच्या हातच्या कुरडया अजून इथवर येतात.

तेव्हा पुण्याला परतताना खंबाटकीत आई काही बोलली नाही. तिच्या सुट्ट्या त्यानंतर महिन्यावरून आठवड्यावर आणि आठवड्यावरून दोन दिवसांवर आल्या. कुणी ठरवलं नव्हतं. मामाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पुण्यात तिला कामं फार असतात.

त्या निळ्या मगाचं मी जाऊबाईला विचारणार होते. टाकला असेल, कान तुटलेलाच होता. किंवा शेडमध्ये खिळे ठेवायला घेतला असेल, आमच्या दिरांना ती खोड आहे. नाही विचारलं. नवऱ्यानंही नाही. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून भावाबरोबर टर्फच्या शेडमध्ये होता, तिथली एकही वस्तू हललेली नव्हती, आणि जेवायला बोलावलं तरी दोघं लवकर आत येईनात.

तर रविवारची भेंडी. निम्मी पुसून झाली होती. नवऱ्यानं जायची तारीख टाकली. गाडीची उंची टाकली. टपावर काही नाही. परतीच्या तारखेचा चौकोन रिकामा होता आणि तो त्याकडं बघत बसला.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“एक आठवडा टाक की,” मी म्हटलं. “सुट्टी आहे तुला.”

“हो, आहे,” तो म्हणाला, आणि तीन दिवसांनंतरची तारीख टाकली.