अकराची आणि तीनची गोळी

रविवार, रात्री

कचेरीतले सहकारी आपुलकीने विचारतात की, सासऱ्यांसाठी थोडे दिवस रजा का घेत नाहीस? मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही, कारण मला दिवस नको असतात. भर दुपारचा अर्धा तास हवा असतो. अण्णांना कंपवात आहे. त्यांची लेव्होडोपाची गोळी सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशी बांधलेली आहे, आणि यांतल्या मधल्या दोन वेळांना मी देवगडात फायलींपुढे बसलेली असते. हे रत्नागिरीला नोकरीत असल्यामुळे शुक्रवारी रात्रीच घरी पोहोचतात आणि धाकटे दीर मुंबईत आहेत.

गोळीचा अंमल काही तास टिकतो आणि मग ओसरतो. ओसरला की हात थरथरतात, आवाज खोल जातो, उठणे तर सोडाच, कूस बदलणेही जमत नाही. ती जेवणाआधी निदान अर्धा तास घ्यावी लागते, कारण मासे, डाळ, दूध यांतली प्रथिने तिच्या आड येतात. म्हणून डॉक्टरांना विचारून आमच्याकडचे दुपारचे बांगडे आता रात्रीच्या ताटात गेले आहेत. जन्मभर दुपारचा भात माशांशिवाय न जेवलेल्या माणसाने हे मुकाट्याने मानले आणि "रातीक तरी दोन तुकडे वाढ गो," एवढेच मागितले, याचे मला फार वाटते.

पडण्याची भीती मात्र गोळीने पुरती जात नाही. मोकळ्या पडवीत अण्णा बऱ्यापैकी चालतात, पण माजघराच्या उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वरचे अंग पुढे जाते आणि पावले तिथेच राहतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी उंबरठ्याच्या अलीकडे एका पावलाच्या अंतराने पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले. जो पाय साध्या फरशीवरून उचलत नाही, तो पट्टा ओलांडायला उचलतो. अण्णा प्रत्येक पट्ट्याकडे खाली बघून, ओठ घट्ट मिटून पाऊल टाकतात आणि पलीकडे गेले की भिंतीला हात लावून क्षणभर उभे राहतात. त्या वेळी मागून घाई करायची नाही आणि हात धरून ओढायचे तर मुळीच नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असते.

सरकारी नोकरीने मला पुष्कळ दिले आहे. २०२० साली पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जायला शनिवार मोकळा मिळतो आणि घाट चढून जाण्यायेण्याचा तो सबंध दिवस रजेतून जात नाही. पण त्याच बदलात कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली, आणि ज्याच्या घरी दुपारी तीनला कुणी वाट पाहत असते त्याला शनिवार मिळूनही मंगळवारची दुपार तशीच उरते. वर्षाच्या आठ किरकोळ रजा मी अर्ध्या-अर्ध्या करून पुरवते. मुलांसाठी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि ती असायलाच हवी. वडीलधाऱ्यांसाठी २००७ च्या कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, तेही योग्यच. मात्र खर्चाची तजवीज झाली तरी ठरल्या वेळी गोळी हातावर ठेवणारे माणूस घरात असावेच लागते.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे शेजारच्या काकी. अकरा वाजून गेले की मी फोन करते आणि पलीकडून आवाज येतो, "दिलंय गो गोळी, तू तुझा काम कर." मग माझे कामात लक्ष लागते. काकींची स्वतःची मुले मुंबईला असतात आणि त्यांचेही वय साठीच्या पुढे गेले आहे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याचे जनगणनेत नोंदले गेले. आमच्या वाडीत ती नोंद कुलुपे लावलेल्या घरांवरून कळते. जी उघडी आहेत त्यांत बहुतेक म्हातारी माणसेच एकमेकांना सांभाळतात. काकींना मी महिन्याला काही रक्कम देते. ती घ्यायला त्या तयार नव्हत्या, पण मी हट्ट धरला, कारण नात्यातल्या मायेवर रोजचे काम फुकट टाकणे मला पटत नाही.

आज साहेबांच्या नावे अर्ज लिहून ठेवला. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी पावणेतीनला घेऊ द्यावी, एवढीच विनंती आहे. जामसंड्यातल्या आमच्या घरापर्यंत स्कूटरने दहा मिनिटे लागतात, म्हणजे गोळी देऊन वेळेत परत येणे बसते. तेवढे मंजूर झाले की काकींकडे फक्त अकराची फेरी राहील. पाऊस सुरू होण्याआधी हे व्हायला हवे, कारण आमच्या घराकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, जूनमध्ये शेवाळते आणि काकींचे गुडघे तर आत्ताच दुखतात.