‘पेंडिंग’ आणि आईची वही

सहा आठवडे बँकेतून मला एकच शब्द ऐकू येत होता. पेंडिंग. सोमवारी फोन केला तरी पेंडिंग, शुक्रवारी ईमेल केली तरी पेंडिंग. कर्ज मिळून आता बरेच दिवस झाले, पण तो शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहून काढतेय. अमेरिकेत छोट्या धंद्यासाठी कर्ज घेणाऱ्या कुणाचे तरी सहा आठवडे वाचले तर बरं.

आईचं कपडे अल्टर करण्याचं दुकान आहे. पँट आखूड करणं, झिप बदलणं, लग्नाचे गाऊन कमरेत आत घेणं अशी कामं. २०१६ मध्ये आम्ही दोघींनी त्याची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) केली, निम्मी भागीदारी तिची आणि निम्मी माझी. २०२३ च्या सुरुवातीला दुसरं दुकान काढायचं ठरलं. जागा बघून ठेवली होती. दोन ओव्हरलॉक, बाहेरून टाका न दिसणारं एक हेमिंग मशीन आणि वाफेची इस्त्री घ्यायची होती. एसबीए म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी खातं. त्याच्या ७(ए) योजनेतून कर्ज घ्यायचं होतं. या योजनेत पैसे बँक देते आणि सरकार त्यातल्या ठरावीक हिश्श्याची हमी घेते. दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ही हमी ८५ टक्के असते. धंद्यात ज्याचा २० टक्के किंवा जास्त वाटा आहे, त्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. म्हणजे आईची सही सगळीकडे लागणार होती. कर्जदाराच्या माहितीचा फॉर्म १९१९, स्वतःच्या मालमत्तेचा आणि देण्यांचा फॉर्म ४१३, तीन वर्षांचे हिशेब, सगळं दहा दिवसांत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते ४५०६-सी या एका पानाच्या फॉर्मवर. आपण बँकेला दिलेली टॅक्स रिटर्न्स खरी आहेत की नाहीत, हे बँक आयआरएसकडून, म्हणजे इथल्या करखात्याकडून, पडताळून घेते. त्यासाठी आपली संमती म्हणून हा फॉर्म भरून सही करायची. आम्ही केली. मग बँकेने सांगितलं की आता आयआरएसकडून उत्तर यायचंय, थांबा.

मी थांबले. तिकडे जागामालक विचारायला लागला की भाडेकरार कधी करताय. मशीनवाल्याने कोटेशनची मुदत एकदा वाढवून दिली, दुसऱ्यांदा नाही म्हणाला. मी रात्री झोपेतून उठून ईमेल बघायची. चौथ्या आठवड्यात मी आईला म्हटलं, “आई, सोडून देऊ या. आहे ते दुकान चांगलं चाललंय.” ती एका गाऊनची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, “पेंडिंग आहे म्हणजे कुणाच्या टेबलावर आहे?”

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तिने तिची वही काढली. ती वही मी लहानपणापासून बघत आलेय. आम्ही २००१ मध्ये इथे आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांचा नोकरीचा एच-१बी व्हिसा, आमच्या दोघींचा त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा एच-४. त्या काळी एच-४ वर काम करायची परवानगीच नव्हती. काहींना ती मिळायला २०१५ उजाडलं. आई गावाकडे शिवणकामाचे वर्ग घ्यायची, आणि इथे सहा वर्षं तिला एक डॉलरसुद्धा कमवायची मुभा नव्हती. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन यायचं, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक. त्यातली तारीख रांगेतल्या आमच्या तारखेपर्यंत पोचली की ग्रीन कार्डाचा अर्ज करता येणार, म्हणून आई दर महिन्याची तारीख वहीत उतरवायची. कधी ती दोन महिने पुढे सरकायची, कधी तिथेच बसायची, कधी चक्क मागे जायची.

२००७ च्या जुलैचं बुलेटिन आलं आणि नोकरीच्या जवळपास सगळ्या वर्गांच्या तारखा एकदम खुल्या झाल्या. घरात दिवाळी. २ जुलैला ते सगळं मागे घेतलं गेलं. त्यानंतर ठिकठिकाणच्या लोकांनी निषेध म्हणून इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले. आईनेही एक पाठवला होता. १७ जुलैला निर्णय फिरला आणि अर्ज भरायला १७ ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली.

एक महिना. आणि आईच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, कारण लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. हे तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे सिद्ध करायचं होतं. मामाने आजीच्या बहिणीला तालुक्याला नेऊन तिचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, स्वतःचं केलं. पहिल्या प्रतिज्ञापत्रात जन्मतारीख चुकली, ते परत केलं. आई रोज पहाटे उठून भारतात फोन लावायची आणि वहीत लिहायची: तारीख, कोणाशी बोलले, काय म्हणाले, आता पुढचं काम कुणाकडे आहे. हे चार रकाने. कुरिअर ९ ऑगस्टला आलं. अर्ज वेळेत गेला, त्यावर तिचा कामाचा परवाना आला आणि त्याच वर्षी एका ड्रायक्लीनरच्या दुकानात कोपऱ्यातलं मशीन तिला मिळालं. ग्रीन कार्ड यायला २०१२ उजाडलं, पण धंदा सुरू झाला तो त्या कोपऱ्यातून.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय की आई फार सोशिक आहे. त्या दिवशी वही चाळताना माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं सांगत होते. ती एक दिवससुद्धा नुसती बसलेली नव्हती. चौथा रकाना कधीच रिकामा नव्हता.

तर मी नवीन पान काढून चार रकाने आखले. आधी आमच्या भागातल्या एसबीडीसीत गेले. छोट्या धंद्यांना मोफत सल्ला देणारी ही केंद्रं बऱ्याच ठिकाणी असतात, कॉलेजांना जोडलेली असतात. मी अर्ज करण्याआधीच तिथे जायला हवं होतं, तुम्ही जा. तिथल्या बाईंनी पहिलंच वाक्य सांगितलं, “हे उत्तर साधारण काही दिवसांत येतं. इतके आठवडे झाले म्हणजे फॉर्म बहुतेक परत आलाय. बँकेला ‘उत्तर आलं का’ असं विचारू नका. ‘रिजेक्ट होऊन आला का, आणि कुठल्या कारणासाठी’ असं विचारा.”

विचारलं. दोन दिवसांनी कळलं की फॉर्म चौथ्याच दिवशी परत आला होता. बँकेतल्या कुणी तो उघडून पाहिलाच नव्हता. सहा आठवडे! कारण काय, तर सहीच्या वर एक छोटा चौकोन असतो, ‘मी वरचं निवेदन वाचलं आहे’ अशा अर्थाचा. त्यावर खूण केली नव्हती. खूण नसेल तर फॉर्म स्वीकारला जात नाही. बँकेने आम्हाला पाठवलेल्या प्रतीत सहीच्या जागी पिवळी पट्टी होती, त्या चौकोनापाशी नव्हती. मला फोनवर रडू आलं, संतापाने.

पुन्हा सही केली. आठवड्याने तोही परत आला. या वेळी पत्ता. आम्ही घर बदललं होतं आणि शेवटचं रिटर्न जुन्या पत्त्यावरून भरलं होतं. फॉर्मवर सध्याच्या पत्त्याची एक ओळ असते आणि त्याखाली शेवटच्या रिटर्नवरचा पत्ता वेगळा असेल तर त्याची दुसरी. बँकेने दुसरी कोरी ठेवली होती. तिसऱ्यांदा मी छापील रिटर्न शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवलं, अपार्टमेंट नंबरसकट. आईने पुन्हा एकदा वाचलं आणि मगच सही केली. पाच दिवसांत उत्तर आलं. अर्जापासून मोजले तर अकरा आठवडे.

आठवतंय तसं सांगते. एका फॉर्मवर एकाच प्रकारचं रिटर्न मागता येतं, त्यामुळे एलएलसीच्या भागीदारीच्या रिटर्नसाठी (१०६५) वेगळा आणि आपल्या वैयक्तिक रिटर्नसाठी (१०४०) वेगळा फॉर्म लागतो. सहीनंतर १२० दिवसांत फॉर्म आयआरएसकडे पोचायला हवा, म्हणून बँक ‘आधीच सह्या करून ठेवा’ म्हणाली तरी तारीख लक्षात ठेवा. खाडाखोड केली तर नवा भरा, पांढरी शाई लावू नका. नावाच्या बाबतीत आपल्या बायकांनी जास्त सांभाळायला हवं: लायसन्सवर मधे नवऱ्याचं नाव आणि रिटर्नवर नाही असं असेल, तर फॉर्मवर रिटर्नवरचंच नाव घाला. आणि कर्ज हातात येण्याआधी भाडेकरारावर सही करू नका. मी जवळपास केलीच होती, आईने थांबवलं.

हे मला फार उशिरा कळलं: आपलं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आपल्या रिटर्नची आयआरएसकडची नोंद, आपल्याला त्यांच्या साइटवर खातं उघडून फुकट बघता येतं. अर्ज करायच्या आधी ते काढा आणि त्यावर नाव-पत्ता कसा आहे तो पाहा. आमच्या ट्रान्सक्रिप्टवर जुना पत्ता पहिल्याच ओळीत होता.

मशीनं जूनमध्ये आली. आईने हेमिंगचं मशीन खिडकीशी लावून घेतलं, एक जुनी पँट घालून टाका बघितला आणि मला म्हणाली, “जागामालकाने पाटीची परवानगी कधी देतो म्हणून सांगितलं?” मी म्हटलं, विचारते. ती म्हणाली, “विचार, आणि कोणाशी बोललीस ते लिही.”