ऐतिहासिक रहस्यकथेतला पुरावा

ऐतिहासिक रहस्यकथा हाती घेतली की मी आधी पाहतो ते शोध घेणाऱ्याकडे कोणती साधने नाहीत हे. बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारी कचेरी कलकत्त्यात १८९७ साली सुरू झाली. प्रेतातला सोमल (आर्सेनिक हे विष) रसायनाने खात्रीपूर्वक ओळखण्याची पद्धत १८३६ची. त्याआधीचा काळ निवडला की कथेतल्या माणसाला मातीतले पाऊल, कागद, शिक्का, साक्षीदाराचा चेहरा आणि स्वतःची बुद्धी एवढ्यावरच भागवावे लागते, आणि वाचकालाही त्याच्याहून अधिक काही मिळत नाही. म्हणूनच या कथांत जुना काळ नुसता शोभेसाठी आलेला मला चालत नाही. उलगडा त्या काळाच्या व्यवहारातूनच निघावा आणि दुसऱ्या कोणत्याही काळात तो निघूच नये, अशी माझी अपेक्षा असते.

लघुकथेत ही अट आपोआप कडक होते. कादंबरीला वाडे, पोशाख आणि पंगती यांची पानेच्या पाने वर्णने परवडतात. वीस पानांच्या कथेत मात्र जी वस्तू काळ सांगते तिनेच गुन्ह्याबद्दलही काही सांगावे लागते. अमेरिकन लेखिका लिलियन दे ला तोरे यांनी १९४३पासून अठराव्या शतकातले इंग्रज पंडित डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना शोधक आणि त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांना निवेदक करून कथा लिहिल्या. कोशकार आणि त्याचा शब्दन् शब्द टिपणारा स्नेही अशी जोडी इतिहासातच तयार होती. लेखिकेने ती ओळखली, यातच निम्मे यश आहे असे मला वाटते.

आपल्याकडे तर अशा सामग्रीला तोटा नाही. मराठेशाहीतले रवादिव्यच पाहा, म्हणजे हात भाजतो की नाही यावरून खरेखोटे ठरवण्याची परीक्षा. वतनाचा तंटा कागदांनी आणि साक्षीदारांनी मिटला नाही, तर वादी देवळात उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढीत असे. त्याआधी त्याचे हात धुवून नखे काढीत, हातावर आधीचे डाग असतील तर ते पाहून ठेवीत, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत. रवा काढल्यावर पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर, आणि ठरल्या दिवशी गोतासमक्ष, म्हणजे निवाड्याला जमलेल्या सभेसमोर, ती सोडून हात पाहणे. यातली प्रत्येक पायरी लबाडी होऊ नये म्हणूनच घातलेली आहे, आणि जिथे बंदोबस्त आहे तिथे तो चुकवण्याची वाटही कोणीतरी शोधणारच. पहिल्या दिवशी हात पाहिले कोणी, मधल्या रात्री पहारा कोणाचा होता, दोन्ही वेळची मोहोर एकच होती का, हे प्रश्न विचारणारा एखादा कारकून शोधक म्हणून पुरेसा आहे. मात्र त्याने आजच्या माणसासारखे दिव्याला थोतांड म्हणू नये. दिव्यावर त्याची श्रद्धा असावी आणि त्या श्रद्धेपोटीच ते निर्मळपणे पार पडावे अशी तळमळ त्याला असावी. तसे झाले तरच ती कथा त्या काळाची होते. भोवतालच्या सगळ्या माणसांना अडाणी ठरवून नायकाला शहाणा करणाऱ्या कथा मी अर्ध्यातच मिटतो.

निवाडा झाल्यावर महजर, म्हणजे निवाड्याचा लेखी कागद, होई. त्यावर साक्ष घालताना पाटील नांगराची खूण काढीत, बलुतेदार आपापल्या हत्याराची. एका घराण्याच्या दोन महजरांवर दोन वेगळ्या वळणांचे नांगर असले, एकाचा रुमणा (नांगराची मूठ) दुसऱ्या बाजूला कललेला असला, तर त्याचे कारण काय, एवढ्यावर एक उत्तम कथा उभी राहू शकते. चोरीचा माग काढण्याची रीतही अशीच: गावच्या राखणदाराने पाऊल शिवेपर्यंत नेऊन पोचवले की पुढची जबाबदारी पुढच्या गावाची. मग दोन गावांच्या वैरात ते पाऊल शिवेवर नेमके कोणी पुसले, हाही शोधाचाच विषय होतो.

पण माझ्या मनात सर्वांत जास्त घोळतो तो आमच्या मराठवाड्याचा निजामी काळ, आणि त्यावर अशा कथा मोठ्या संख्येने लिहिल्या जाव्यात असे मला अगदी मनापासून वाटते. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत इथे राज्य वेगळे होते, पोलीस वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी आणि नाणेही वेगळे. सरकारी कागद उर्दूत, घरचा हिशेब मोडीत, वर्ष फसली, म्हणजे महसुली सालाचे. अंबाजोगाईच्या माणसाचे पत्र मोमिनाबाद या गावाच्या तेव्हाच्या सरकारी नावाच्या पत्त्यावर येई. धाराशिवकडची माणसे बाजाराला बार्शीला गेली की ती इंग्रजी मुलखात पोचलेली असत, आणि येताना करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हाली आणि कलदार हे दोन रुपये मी लहानपणी पुष्कळदा ऐकले आहेत. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार, आणि सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव.

आता नाक्यापासून हाकेच्या अंतरावर एका कापूस-व्यापाऱ्याचे प्रेत सापडते अशी कल्पना करा. त्याच्या पैशांच्या पिशवीत बेचाळीस हाली आहेत. माल बार्शीला विकला असेल तर पैसे कलदार हवेत. छत्तीस कलदार मोडून घेतले असतील तर तो नाका ओलांडून, सराफाकडे जाऊन मग पुन्हा शिवेकडे का वळला? तपास कोणत्या राज्याच्या जमादाराने करायचा यावरून दोन्हीकडे टोलवाटोलवी चाललेली असताना, हा हिशेब नाक्यावरच्या एखाद्या मराठी कारकुनाच्या ध्यानात यावा. फक्त लिहिणाऱ्याने सहाला सातचा भाव पहिल्याच पानावर, बाजारातल्या घासाघिशीत, वाचकाच्या कानावर घालून ठेवावा. शेवटच्या परिच्छेदात तो प्रथमच सांगितला, तर त्या कारकुनाने लावलेला शोध आम्हांला त्याच्याबरोबर लावता येणार नाही.