भुऱ्याच्या गाठी: ११ वरून २ वर

दसऱ्याला सोडवायला सुरुवात केली तेव्हा भुऱ्याच्या अंगावर केसांच्या गुंत्याच्या मोजून ११ गाठी होत्या, आज २ राहिल्यात. भुऱ्या म्हणजे आमचा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा, ४ वर्षांचा. साताऱ्यात पावसाळाभर त्याचं अंग कधी नीट वाळलंच नाही, फिरून आलो की वरवर टॉवेल मारायचा नि सोडून द्यायचा, आणि पाऊस उघडला की अजिंक्यताऱ्याच्या चढावरची कुसळं नि आघाड्याचं बी मागच्या पायांच्या केसांच्या झालरीत अडकतं, एक बी अडकलं की त्याच्याभोवती केस वळत जातात आणि आठवड्यात गाठ तयार.

पहिल्याच दिवशी मी चुकलो. गाठी मऊ पडतील म्हणून आधी आंघोळ घातली. वाळल्यावर हात लावला तर गाठी दुप्पट घट्ट. आपल्याकडं लोकर भिजवून दाबून जेन, म्हणजे जाड लोकरी आंथरूण, करतात ना, आतल्या मऊ केसांचं अगदी तसंच होतं, शिवाय गाठीच्या आत ओल राहते. काखेतली कातडी लाल झाली, डॉक्टरांकडं न्यावं लागलं, भुऱ्याला माझ्यामुळं त्रास झाला याचं फार वाईट वाटलं. तेव्हा आधी सोडवायचं, मगच धुवायचं, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आता रोज संध्याकाळी फिरून दमला की चटईवर आडवा करतो, १५ मिनिटं, त्याच्या वर नाही. जवळ गाजराचे तुकडे. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, केस घसरते होतात. मग गाठीचं बूड, म्हणजे गाठ आणि कातडीच्या मधला भाग, डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या बोटांना बसते. आणि सुरुवात टोकाकडून. बुडातून कंगवा घातला की कुत्रं ओरडणारच. आधी बोटांनी गाठ फाकवायची, मग स्लिकर ब्रशचे, म्हणजे बारीक तारांच्या ब्रशचे, हलके फटके, शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच ती जागा झाली म्हणायचं, कारण नुसता ब्रश वरून फिरतो, वर सगळं छान दिसतं आणि खाली गुंता तसाच असतो.

डाव्या कानामागची लिंबाएवढी गाठ ३ संध्याकाळी चालली. तिसऱ्या दिवशी ती दोन फाकांत उघडली, आत आघाड्याचं बी, खाली पांढरट कातडी. मी तिथं बोट फिरवलं तर भुऱ्यानं मान माझ्या मांडीवर टाकली आणि मोठा सुस्कारा सोडला. किती दिवस ओढत असेल ते त्याला.

कात्री फक्त काखेतल्या एकाच गाठीला लावली. गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते, ती दिसत नाही आणि कात्रीत येते, म्हणून आधी कंगवा गाठ आणि कातडीच्या मधे सरकवायचा आणि कात्री कंगव्याच्या वरच चालवायची. कंगवा सरकतच नसेल तर हात लावू नका, डॉक्टरांकडून ट्रिमरनं काढून घ्या.

शेजारचे काका म्हणतात, सगळेच केस उतरव, उन्हाळ्यात गार वाटेल त्याला. काका प्रेमानं सांगतात पण मी नाही करणार. गोल्डनला दोन थर असतात, वरचे लांब केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, आणि मुळापासून काढले की कधीकधी परत नीट येतच नाहीत, आतलाच मऊ थर आधी वाढतो आणि गुंता आणखी. त्यापेक्षा आतले सुटलेले केस अंडरकोट रेकनं, म्हणजे आतल्या थरापर्यंत जाणाऱ्या लांब दातांच्या फणीनं, काढले की वारा कातडीपर्यंत जातो. परवा एका बैठकीत पिशवीभर निघाले.

राहिलेल्या दोन्ही गाठी जांघेत आहेत. तिथं हात नेला की पाय आखडतो, म्हणून सध्या नुसतं बोटांनीच, दोन मिनिटं, की गाजर. त्या सुटल्या की उन्हाच्या दिवशी सकाळी आंघोळ, आणि ड्रायर गार हवेवर ठेवून मुळापर्यंत वाळवणार, काख आणि कानामागं आधी.