हंगामाचं जेवण

मे संपत आला आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एकच विषय असतो: जेवण कधी? ज्या फुटबॉल संघांनी चषक मारलेत त्यांचे बक्षीस समारंभ होतात, चौकात डिजिटल फलक लागतात, पुढारी हार घालायला येतात. आमच्याकडे गळे भरपूर, पण हाराला कारण मिळत नाही. म्हणून आम्ही नुसते जेवतो. दरवर्षी जेवतो, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर चषकवाल्यांपेक्षा चांगलं जेवतो.

तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मं कोल्हापूर म्हणणार, "तेच का, सात खाल्ले होते ते?" सात नव्हते, सहाच होते. सातवा ऑफसाइड होता आणि लाइनमननं झेंडा वरही केला होता. पण हे आता कुणाला सांगायचं?

बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरचा फुटबॉल थोडा उलगडून सांगावा लागतो. शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांत कुस्तीच्या तालमींना बळ मिळालं. पुढं त्याच तालमींतली पोरं चेंडूच्या मागं लागली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, पण आज ती घेतली की आधी जर्सीचा रंग डोळ्यांपुढं येतो. प्रॅक्टिस क्लब आहे, शिवाजी तरुण मंडळ आहे, फुलेवाडी आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आमच्या तोंडी केएसएची, लीग होते, मग एकेक चषक स्पर्धा. सगळं घडतं ते शाहू स्टेडियमवर, जिथं पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता. देशाच्या फुटबॉलची उतरंड लावली तर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, पार वर, आणि आमच्या शहराची लीग बरीच खाली. त्या लीगमध्येही वरच्या मंडळींत आम्ही कधी नव्हतो. वरच्या गटात गेलो तेव्हा तळाला होतो आणि खालच्या गटात आलो तेव्हा 'यंदा वर जाणार' म्हणत होतो. तरीही सामन्याच्या दिवशी दुपारच्या उन्हात, डोक्याला रुमाल गुंडाळून, आमची पन्नाससाठ टाळकी हलगी-घुमकं घेऊन गॅलरीत हजर. समोर पाटाकडीलचे किंवा प्रॅक्टिसचे हजारो. आमची हलगी आम्हालाच ऐकू यायची.

मी स्वतः कधी खेळलो नाही. चुलत्याबरोबर लहानपणी गेलो, लिंबाच्या फोडी आणि पाण्याची बादली सांभाळायला लागलो आणि पुढं वर्गणीची वही हातात आली. ती अजून माझ्याकडेच आहे. तालमीत जेवढे खेळाडू होऊन गेले त्यांच्यापेक्षा जास्त हंगाम माझ्या खात्यावर आहेत, एवढाच माझा मोठेपणा.

आमच्या वर्षाची सुरुवात मात्र जेवणापासून होत नाही, खंडेनवमीपासून होते. त्या दिवशी तालमीत मारुतीसमोर दांडपट्टा, तलवार, लेझीम, करेला, मुदगल असं सगळं मांडून पूजा होते, आणि त्या रांगेत शेवटी फुटबॉल असतो. एक नवा असतो, येणाऱ्या हंगामाचा. त्याच्याशेजारी एक जुना, आतल्या ब्लॅडरला वादीनं बांधलेलं तोंड असलेला, कातडी. तो वादीचा फुटबॉल कपाळावर घेतला की वादीचा ठसा उठायचा, आणि पावसात भिजला तर हेड करायला मोठे मोठे गडी कचरायचे. आमच्या एका जुन्या सेंटर हाफच्या कपाळावर भुवईच्या वर बारीक व्रण आहे, तो त्याच वादीचा. दर खंडेनवमीला तेच आण्णा कापसाच्या बोळ्यानं त्या चेंडूला एरंडेल लावतात. शिवणीतून तेल मुरेपर्यंत बोटानं दाबत बसतात. कुणी घाई केली तर म्हणतात, "तुझ्या बापानं ह्याच्यावर गोल चुकवलाय, गप बस."

वस्ताद हयात होते तोवर ही पूजा सुखासुखी होत नसे. चेंडू मारुतीपुढं ठेवायचाच नाही, असा त्यांचा हट्ट. कुस्तीच्या हौद्यात उतरायला पोरं मिळेनात आणि गांधी मैदानावर पहाटे ही गर्दी, हा राग ते त्या बिचाऱ्या चेंडूवर काढायचे. गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ तळं. पावसाळ्यात ते आपलं तळं असणं विसरत नाही, त्यामुळं आमचा सराव दिवाळीकडं सरकायचा आणि वस्ताद खूश व्हायचे. पण सामन्याला सगळ्यांत पुढं कोण? वस्ताद. रेफ्रीला उद्देशून त्यांनी काढलेले उद्गार इथं छापता येत नाहीत.

जेवणाच्या दिवशी सकाळी जुने विरुद्ध नवे असा सामना असतो. तो पंचवीस मिनिटांत संपतो, कारण जुन्यांपैकी कुणाचा तरी पाय मुरगळतो. त्यात जास्त काही सांगण्यासारखं नाही. खरी मजा चुलीपाशी. स्वयंपाक आमच्या पूर्वीच्या लेफ्ट बॅकच्या हाती. मैदानावर त्याला कुणीही चकवून जायचं, पण तांबड्या रश्शात तो कुणाला लुडबुड करू देत नाही. मटण आधी हळद-मीठ लावून शिजवतो, त्याचं अळणी, म्हणजे बिनतिखट पाणी, बाजूला काढतो, आणि तिथून दोन वाटा. पांढऱ्यासाठी खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. ते घालताना आच एकदम कमी, आणि पळी एकाच दिशेनं फिरवायची. दूध फुटलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. तांबड्यासाठी भाजलेला कांदा-खोबरं आणि चटणी, वर बोटभर तर्री. अळणीची पहिली वाटी गोलकीपरला. का, ते कुणालाच माहीत नाही. चुलत्याच्या वेळेपासून तसंच आहे.

पंगत बसायच्या आधी मात्र एक निवाडा होतो. हंगामात सगळ्यांत सोपा गोल ज्यानं चुकवला, त्यानं कमरेला टॉवेल बांधून पांढरा रस्सा वाढायचा. ही आमच्या तालमीची ट्रॉफी म्हणा. उमेदवार असतात, साक्षीदार असतात, मोबाइल आल्यापासून पुरावेही असतात. मोबाइल नव्हते तेव्हा जास्त गंमत होती. प्रत्येकानं आपल्या आठवणीतला गोलपोस्ट थोडा रुंद केलेला असायचा आणि चेंडू गोलरेषेच्या थोडा जवळ सरकवलेला असायचा. एका साली एकमत होईना. शेवटी दोघा फॉरवर्डांनी मिळून रस्सा वाढला, आणि दोघांची एकमेकांना धडक होऊन पातेलं सांडलं. "मैदानातबी असंच केलास की रं मर्दा!" एवढं एकच वाक्य मागून आलं आणि त्या पंगतीत पुढची पाच मिनिटं कुणाला घास गिळता आला नाही.

गेल्या काही वर्षांत मोठ्या संघांकडं पैसा आला. गोव्याचे, मणिपूरचे, बंगालचे खेळाडू येतात, नायजेरियातून, घानातून येतात. आमच्या ऐपतीत हे बसत नाही, पण एका हंगामात कुणाच्या तरी ओळखीनं एक नायजेरियन स्टॉपर आम्हालाही लाभला. जेवणाला त्याला मुद्दाम मधोमध बसवला. सगळ्या पोरांचं लक्ष त्याच्या ताटावर. आता ह्याच्या डोळ्यांत पाणी येणार, मग ह्याला दही देऊ, अशी सगळी तयारी. गड्यानं तांबड्याची वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, पुन्हा मागितली, आणि तिसऱ्या वाटीला विचारलं की ह्याच्यापेक्षा तिखट काही आहे का. आमच्या लेफ्ट बॅकचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या नायजेरियन गड्याच्या गावाकडं मिरचीशिवाय पान हलत नाही हे आम्हाला कोण सांगणार? भाड्यानं खेळाडू आणण्याला माझा तत्त्वतः विरोध आहे, पण तो गडी वर्गणीही देऊन गेला. वहीत नोंद आहे.

ह्याच्या उलट प्रकारही होतो. आमच्या गल्लीत वाढलेला, आमच्याच बुटांवर शिकलेला पोरगा जरा चमकला की मोठी तालीम त्याला उचलते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा कट्ट्यावर मोठं भांडण पेटलं होतं. त्याला जेवणाला बोलवायचं नाही, असा ठराव होता होता राहिला. तो आला. कोपऱ्यात उभा राहिला. आण्णांनी त्याच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाले, "आमच्या विरुद्ध गोल केलास न्हवं? मग वाढ." तेव्हापासून नियम रुंदावला: सोपा गोल चुकवलेला आणि आमच्यावर गोल केलेला आमचाच पोरगा, दोघंही वाढपी.

2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो आमच्या तालमीचा नाही, आमच्या पेठेचाही नाही, तरी दिल्लीतल्या अमेरिकेविरुद्धच्या सामन्याला तालमीत पडदा लावला होता. भारत तीन गोलनं हरला. हरण्याची आम्हाला सवय असल्यानं आम्ही तो सामना शेवटपर्यंत नीट बघितला.

2019च्या ऑगस्टात पंचगंगेचा महापूर आला तेव्हा जेवणाच्या त्याच चुली, त्याच कढया तालमीपुढं मांडल्या आणि पूरग्रस्तांसाठी भात-आमटी शिजली. पळी लेफ्ट बॅकच्याच हातात. पुढच्या मार्चमध्ये कोरोनानं हंगाम मध्येच थांबला. त्या साली जेवण झालं नाही, वहीत ते पान कोरं आहे. आण्णांनी घरच्या घरी चेंडूला एरंडेल लावलं, एवढंच.

2022च्या विश्वचषकाची आठवण मात्र जेवणाशी थेट जोडलेली आहे. आपल्याकडं पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, कटआउट चढतात, हे आता देशाला माहीत झालंय. आमची तालीमही बरोबर मधोमध चिरलेली. पैज लागली: ज्यांचा संघ आधी बाहेर पडेल त्यांनी हंगामाच्या जेवणाचं मटण द्यायचं. ब्राझील क्रोएशियाशी टायब्रेकरवर हरला आणि पिवळ्या जर्सीवाल्यांनी मे महिन्यात मुकाट्यानं मटणाचे पैसे भरले. अर्जेंटिनावाले त्या दिवशी ज्या तोऱ्यात जेवले, त्यावरून कुणालाही वाटावं की फायनल शाहू स्टेडियमवर झाली आणि मेस्सी ह्यांच्या पासवर खेळला. मी ब्राझीलवाला. वहीत माझं नाव सगळ्यांत वर आहे.

हल्ली पंगतीत पोरांच्या आया, बहिणी येतात, दोनतीन पोरी स्वतः खेळतात. पूर्वी हे नव्हतं आणि पूर्वीचं सगळंच चांगलं होतं असं म्हणायची मला तरी गरज वाटत नाही. आमच्या जुन्या गोलकीपरची नात गेल्या वेळी अळणीच्या पहिल्या वाटीवर हक्क सांगायला आली. ती शाळेच्या संघात गोलमध्ये उभी राहते. वाटी तिला मिळाली. आजोबांनी दुसऱ्या वाटीवर समाधान मानलं, पण तोंड वाकडं करून.

यंदा आम्ही तिसऱ्यांदा एका गुणानं वर जायचं हुकलो. शेवटच्या सामन्यात पेनल्टी बारवर गेली, त्यामुळं रस्सा कोण वाढणार ह्यावर वादच नाही. वाद दुसराच आहे. मटणाचा दर बघून कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी अंडाकरीचा प्रस्ताव आणलाय. रविवारी बैठक आहे. वही घेऊन मी जाणार आहे, आणि ज्यांची मागच्या तीन सालांची वर्गणी बाकी आहे त्यांची नावं मोठ्यानं वाचणार आहे. प्रस्ताव आणणारे पाचही जण त्या यादीत आहेत.